चवीची पारख कोणी करावयाची?

गौलीगुड्याचे नाव गवळ्यांवरून पडले, असे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. येथल्या जुन्या घरांत दुधाची पारख करण्याची एक रीत होती. गवळ्याने माप ओतण्यापूर्वी घरातील वडीलधारी बाई अंगठ्याच्या नखावर दुधाचा एक थेंब घेई. थेंब जागच्या जागी राहिला तर दूध घरात येई. ओघळला तर गवळ्याची हजेरी घेतली जाई. त्यात शास्त्र किती आणि सवय किती हा प्रश्न सोडून देऊ. माल पारखण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे आणि तो त्याने आपल्या उंबऱ्यावरच बजावावा, ही समजूत मात्र त्या थेंबात होती.

आज हे आठवले ते दुधामुळे नव्हे, बिअर आणि ताडी या दोन पेयांमुळे. वाचकांनी कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी एवढे सांगून ठेवतो की, प्यावे की न प्यावे हा या लेखाचा विषय नाही. ज्याच्या त्याच्या घरचे सोवळे ज्याने त्याने सांभाळावे. परंतु जे पेय आपल्या शहरात सरकारच्या परवान्याने विकले जाते, त्याची पारख कोण करतो आणि कोणास करता येत नाही, हा प्रश्न न पिणाऱ्यांनाही टाळता येण्याजोगा नाही.

तेलंगण सरकारने २०१५ साली मायक्रोब्रुअरीसाठी, म्हणजे जेथे बिअर तयार होते तेथेच ती पेल्यात ओतून दिली जाते अशा लहान कारखान्यांसाठी, नियम केले. पुढच्या दोनएक वर्षांत ज्युबिली हिल्स, गच्चीबावली या नव्या वस्त्यांत ती ठिकाणे दिसू लागली. काचेपलीकडे चकचकीत टाक्या, अलीकडे गिऱ्हाइके, आणि फळ्यावर त्या दिवशीच्या बिअरांची नावे. आमचे एक स्नेही विवेक वर्धिनीत आमच्याच बाकावर बसत; पुढे जर्मनीत यंत्रांच्या कामात बरीच वर्षे काढून ते परतले. त्यांनी एका रविवारी आम्हांस अशाच एका ठिकाणी नेले. बरोबर छापील तक्ता होता. अमेरिकेत १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांची एक संस्था चालते. तिची गुण देण्याची पद्धत जगभर मानली जाते. एकूण गुण ५०. त्यांतले गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५, आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला अवघे ३! आमच्याकडे सून पाहावयास जाणाऱ्या मंडळींना हा तक्ता कोणी वेळीच दाखवावयास हवा होता.

चार लहान पेले समोर आले. पहिली गव्हाची बिअर, किंचित गढूळ. नाकाशी नेली तर पिकल्या वेलची केळ्याचा आणि लवंगेचा वास. स्नेह्यांनी सांगितले की, यात केळेही नाही आणि लवंगही नाही. हे सारे त्या जातीच्या यीस्टचे काम. धान्यातली साखर खाऊन मद्य करता करता यीस्ट हे गंध सोडते. दुसरी फिकट पिवळी लागर. ही थंडाव्यात सावकाश आंबवावी लागते आणि नंतर काही आठवडे मुरू द्यावी लागते. तेवढा धीर कारखानदाराने धरला नाही, तर तिला लोण्याचा वास राहतो. या पेल्याला तो होता. लोणी आमच्या आवडीचे, म्हणून आम्ही ३२ गुण दिले, स्नेह्यांनी २४ वर आणले आणि म्हणाले, "अरे, लोणी थालिपिठावर शोभते. येथे ते घाईचा पुरावा आहे." तिसरी होती हॉप नावाच्या फुलांनी कडू केलेली. पहिल्या घोटाला आमचे तोंड वाकडे झाले, पण तिसऱ्या घोटाला पाडव्याच्या कडुनिंबाची चटणी आठवली आणि बिनतक्रार पेला संपला. चौथी काळी, करपण्याच्या अगदी अलीकडे थांबवलेल्या भाजणीचा वास. तिला दोघांनीही सर्वांत जास्त गुण दिले.

गुणांपेक्षा आम्हांस नवल वाटले ते शब्दांचे. तक्त्यावरचे परदेशी शब्द अडखळत वाचण्याऐवजी आम्ही मराठीत लिहू लागलो: तुरट, कडवट, आंबूस, उग्र, खमंग, पिठूळ, मिळमिळीत, जळका. लिहिता लिहिता ध्यानात आले की, हे शास्त्र आपल्या स्वयंपाकघरांत पूर्वीपासून आहे. फोडणी जळली की बसली, ताक आंबले की बिघडले, हे ज्या घरात दारातूनच ओळखले जाते, तेथे बिअरची पारख शिकावयास जर्मनीस जावे लागत नाही. (जर्मनीहून परतलेल्यास हे पटले नाही, हे सांगणे नको.)

नव्या बिअरचा आणि मराठी मुलखाचा संबंध तसा जुनाच. २००९ साली पुण्यात 'डुलाली' नावाने बिअर निघू लागली. या धर्तीच्या देशातल्या पहिल्या कारखान्यांत तिची गणना होते. हे नाव आले नाशिकजवळच्या देवळालीवरून. मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत विलायतेच्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत. उन्हाने आणि रिकामपणाने काहींचे डोके फिरे. इंग्रजांनी त्याला 'डुलाली टॅप' म्हटले, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. डोके फिरण्याला मराठी गावाचे नाव मिळाले आणि ते फिरून पुण्यातल्या पेल्यावर आले.

असो. ही सारी चैन कोणाची, हे उघड आहे. आपल्या शहरातला बहुसंख्य बिअर पिणारा बाटलीच घेतो, आणि बाटलीच्या बाबतीत त्याला पारखण्यासारखे फारसे उरत नाही. राज्यातील मद्याची घाऊक खरेदी-विक्री सरकारी महामंडळाच्या हातात आहे. कारखानदाराला काय दर मिळावा, दुकानदाराने कितीला विकावे, हे तेथेच ठरते. २०२५ च्या जानेवारीत किंगफिशर काढणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजने तेलंगणाचा पुरवठाच थांबवला. २०१९-२० नंतर दर वाढवून दिले नाहीत आणि मागची रक्कम थकली आहे, ही तिची तक्रार होती. काही दिवसांत पुरवठा पूर्ववत झाला आणि फेब्रुवारीत बिअरचे दर १५ टक्क्यांनी वाढले. वर्तमानपत्रांनी याकडे कंपनी आणि सरकार यांची कुस्ती म्हणून पाहिले. पण त्या काही आठवड्यांत पिणाऱ्याला कोणी काही विचारले काय? त्याने पैसे मोजले आणि जी बाटली मिळाली ती घेतली.

तरी त्या बाटलीबद्दल एक गोष्ट खरी: तिच्यात काय आहे, ते तिच्यावर लिहिलेले असते, आणि ती पिऊन दुसऱ्या दिवशी माणूस उठतो. ताडीबद्दल एवढेही म्हणता येत नाही.

जुन्या हैदराबादेत ताडी-शिंदीच्या दुकानाला सेंधीखाना म्हणत. निजामी खजिन्यात या झाडांच्या उत्पन्नाचा वाटा एवढा मोठा होता की, १९४७-४८ च्या लढ्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात शिंदीची झाडे तोडून सरकारी उत्पन्नावर घाव घातला. आपल्यापैकी अनेक घरांत त्या कुऱ्हाडींच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. झाडाने तसे कोणाचे काही बिघडवले नव्हते. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढते तसे हवेतले आणि मडक्यातले यीस्ट कामाला लागते आणि काही तासांत तिची ताडी होते; दुसऱ्या दिवशी ती आंबट होऊन शिरक्याच्या वाटेला लागते. म्हणजे ज्युबिली हिल्सच्या टाकीत जे घडते तेच येथे मडक्यात घडते, तेही हॉपवाचून आणि परदेशी यंत्रावाचून. ताजेपणा हाच दोघांचा गुण. एकाला ५० गुणांचा तक्ता मिळाला, दुसऱ्याला मिळाली गुंगीची पूड.

शहरातील ताडीची दुकाने २००४ मध्ये बंद झाली आणि नवे राज्य झाल्यावर २०१४ मध्ये पुन्हा उघडली. झाडे तेवढीच, किंबहुना शहराभोवतीची तर कमीच झालेली. गिऱ्हाइके मात्र वाढलेली. तेव्हा रसात पाणी आले, पाण्याला गोडी यावी म्हणून सॅकरिन आले, आणि पातळ झालेल्या पेयाला नशा यावी म्हणून अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट आले. यांतील पहिली दोन डॉक्टरांनी चिंतेवर, निद्रानाशावर मोजून द्यावयाची औषधे. तिसरे जुन्या काळचे झोपेचे औषध. ज्या २०१५ साली मायक्रोब्रुअरीचे नियम झाले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अबकारी खात्याने भेसळीच्या ताडीवर छापे घातले. भेसळ थांबताच निजामाबाद, महबूबनगर या बाजूंना शेकडो माणसे इस्पितळांत आली. कोणाला झटके, कोणाला भ्रम, कोणाची मान वाकडी. विष पोटात गेल्यामुळे नव्हे, तर नेहमीचे विष मिळाले नाही म्हणून.

आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. वर्षानुवर्षे औषधाची ताडी प्यालेल्या माणसापुढे शुद्ध ताडी ठेवली, तर तो तिला काय गुण देईल? "ही पाणचट आहे, चढत नाही" असे म्हणून तो मडके परत करील. भेसळीच्या मडक्याला तो पैकीच्या पैकी गुण देईल, आणि प्रामाणिकपणे देईल. त्याच्या परीने तोही पारखच करतो आहे. फक्त त्याचे मापच कोणीतरी बदलून ठेवले आहे. मग प्रामाणिक गौडाने झाडावरून उतरवलेला रस विकावा तरी कोणाला? त्याच्या शेजारचा भेसळवाला स्वस्त विकतो आणि जास्त चढवतो. म्हणून "गिऱ्हाइकाने सावध राहावे" हा उपदेश येथे निरुपयोगी आहे. लोण्याचा वास ओळखून आमचे स्नेही आठ गुण कापू शकले, कारण चांगली लागर कशी असते हे त्यांनी आधी चाखले होते. शुद्ध ताडी ज्याने कधी चाखलीच नाही, तो कशाशी ताडून पाहणार?

२०२५ च्या जुलैत कुकटपल्लीच्या दुकानांतली ताडी पिऊन माणसे आजारी पडली. काहींचे प्राण गेले. अनेकांना निम्समध्ये नेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आली होती, काहींना डायलिसिसवर ठेवावे लागले. तपासणीत अल्प्राझोलाम निघाले. परवाने रद्द झाले, माणसे पकडली गेली. ही सारी मोलमजुरीची माणसे. ताडीवाचून शेकडो गौड कुटुंबांचा चरितार्थ चालत नाही, म्हणून दुकाने बंद करा म्हणणे सोपे नाही; आणि १९९५ च्या दारूबंदीचे जे झाले ते आपण पाहिले आहे, दोन वर्षांतच ती उठवावी लागली.

काहीच करता येत नाही असेही नाही. २०२३ च्या मे महिन्यात सरकारनेच नेकलेस रोडवर नीरा विकण्याचे एक देखणे ठिकाण उघडले. झाडावरून रस उतरताच तो थंड ठेवावा लागतो, नाही तर आंबू लागतो; ती थंडाव्याची साखळी झाडापासून हुसेनसागरच्या काठापर्यंत जुळवता आली. रस शुद्ध ठेवण्याची विद्या सरकारजवळ आहे, खर्च करण्याची तयारीही आहे. मात्र ती सहलीला येणाऱ्यांच्या पेल्यापर्यंतच पोहोचली. कुकटपल्लीच्या दुकानात दुपारी मडके उघडण्यापूर्वी त्यातली पळीभर ताडी काढून तिची तपासणी व्हावी, आणि निकाल दारावरच्या पाटीवर तेलुगू, उर्दू नि मराठीत लागावा, इतकेच करावयाचे आहे. अबकारी खात्याजवळ प्रयोगशाळा आहेत. आजवर त्यांच्याकडे नमुने जातात ते बहुधा माणसे इस्पितळात पोहोचल्यावर.