लेकीची सायकल

मैत्रिणींनो, शाळा सुरू झाली की ‘आई, मला सायकल हवी’ हा हट्ट आलाच. जरूर द्या. पण फ्रॉक शिवतो तशी ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत.

मग शाळेच्याच वेळेला एकदा तिच्याबरोबर जाऊन या. रविवारचा रस्ता फसवा असतो, बरं का! आपल्या छत्रपती संभाजीनगरात जालना रोड सरळ खरा, पण कॉलनीच्या आतल्या रस्त्यानं पाच मिनिटं जास्त लागली तरी तोच बरा. जुन्या शहरात दरवाजाची अरुंद कमान आली की खाली उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं. त्यात कसली आलीय लाज?

दप्तर हँडलला नको, कॅरिअरला घट्ट बांधा. ओढणीची गाठ कमरेशी. माझ्या धाकटीची चाकात अडकली होती. नशीब, वेग नव्हता. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहायचे. मैत्रिणी असल्या तरी एकामागून एक. गप्पा शाळेच्या फाटकात.

आणि यायला दहा मिनिटं उशीर झाला तर लगेच रागावू नका हं. बोलणी बसतील या भीतीनंच पोरी सायकल जोरात हाणतात. चिंचा घ्यायला थांबली असेल!