तीन दिवसांतली तारीख

मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून येणाऱ्या मुलीला आपण काय विचारतो? 'अगं, उकडत नाही का तुला?' मीही तेच विचारलं होतं. पॅन्ट्रीत, कॉफी मशिनसमोर उभं राहून. 'एसी फार असतो गं आपल्या फ्लोअरवर,' ती म्हणाली. हो की, असतोच. मी माझा कप उचलला आणि डेस्कवर परत आले.

आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. खुणा काय कमी होत्या? वर्क फ्रॉम होमचा दिवस ती कधी घ्यायचीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी आपण सगळे लॅपटॉप मिटायला टपलेले असतो, तेव्हा ही कुठलं तरी एक्सेल शीट उकरून काढायची. आम्ही तिला 'एम्प्लॉयी ऑफ द सेंच्युरी' म्हणायचो. पगार माझ्यापेक्षा जास्त, पण टीम लंचचे पैसे काढायची वेळ आली की नवऱ्याला फोन. तिचं सॅलरी अकाउंट त्याच्या मोबाइलवर चालायचं, ओटीपीसुद्धा त्याच्याकडेच जायचा. 'तो पैशाच्या बाबतीत हुशार आहे गं,' इति ती. त्यावर आम्ही 'सो क्यूट' म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं.

मग गेल्या वर्षी एका शुक्रवारी रात्री पावणेबाराला तिचा फोन आला. वाकडच्या तिच्या सोसायटीतून, वॉचमनच्या मोबाइलवरून. मी आणि टीममधला एक मित्र गाडी काढून पोहोचलो तेव्हा ती वॉचमनच्या केबिनमध्ये स्टुलावर बसली होती, पायात चप्पल नव्हती. तिथून पोलीस चौकी. (कुठली, ते सोडून द्या.) ड्युटीवरचे काका माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, 'ताई, नवरा-बायकोचं आहे, सकाळपर्यंत राग जातो. एनसी करून ठेवू का?' एनसी म्हणजे अदखलपात्र. मित्रानं विचारलं, 'त्यानं पुढं काय होतं?' काका म्हणाले, 'नोंद राहते.'

त्या रात्री ती माझ्या घरी झोपली. म्हणजे आडवी झाली.

सोमवारी आम्ही एका वकील मॅडमकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, 'यातलं कधी कुणाला लिहून कळवलं होतंस?' कळवलं होतं. बहिणीला. व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री एक-दीड वाजता पाठवलेले दोन वर्षांचे मेसेज. बहिणीचं उत्तर बहुतेक वेळा एकच, थोडं सांभाळून घे. मॅडम म्हणाल्या, 'एकही डिलीट करू नकोस. या शहरात एका मुलीची पत्रं कोर्टानं फार बारकाईनं वाचलीत. पण ती गेल्यावर.'

मला संदर्भ लागला नाही. घरी येऊन आईला विचारलं, तर ती भाजी निवडता निवडता थांबली. 'मंजुश्री सारडा,' ती म्हणाली. आईच्या पिढीतल्या पुणेकर बायकांना हे नाव सांगावं लागत नाही. आपल्या पिढीला लागतं, म्हणून सांगते.

फेब्रुवारी 1982 मध्ये मंजुश्रीचं लग्न झालं. माहेर बीडचं, सासर पुण्याचं. त्याच वर्षी 12 जूनच्या सकाळी ती तिच्या फ्लॅटमध्ये मृत सापडली. विषबाधा. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. पुण्याच्या सेशन्स कोर्टानं नवऱ्याला फाशी सुनावली, हायकोर्टानं ती कायम केली आणि जुलै 1984 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्यावर कुणाला दोषी कधी धरायचं, याची पाच तत्त्वं त्या निकालात सांगितलीत. लॉची मुलं ती आजही पाठ करतात, आणि तत्त्वं म्हणून ती योग्यच आहेत. संशयावरून फाशी नकोच. पण त्या निकालातला मोठा भाग व्यापलाय तो मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांनी. ती दुःखी होती, एकटी पडली होती, हे त्यांत आहे. ही पत्रं पुरावा म्हणून धरायची का, त्यांचा अर्थ कसा लावायचा, यावर देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींनी पानंच्या पानं लिहिली. आणि ज्या दिवसांत ती पत्रं पोस्टाच्या पेटीत पडत होती, त्या दिवसांत ती वाचून काही करता येईल असं एकही ऑफिस किंवा कोर्ट या शहरात नव्हतं. कायद्यात तशी सोयच नव्हती.

पुण्यातल्या बायका तेव्हा रस्त्यावर आल्या. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी 1982 मध्ये नारी समता मंच सुरू केला. 'मी एक मंजुश्री' नावाचं पोस्टर प्रदर्शन महाराष्ट्रभर फिरवलं. गावोगावच्या बायका ते बघून बोलायला लागल्या, आणि त्यांचं ऐकून घेण्यासाठी मंचानं पुढं 'बोलते व्हा' केंद्र काढलं. देशभर अशीच आंदोलनं चालू होती. त्यातून डिसेंबर 1983 मध्ये कलम 498 अ आलं. सासरचा छळ हा गुन्हा ठरला, तीन वर्षांपर्यंत कैद. (1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 झालंय, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवाल्यांना नवे नंबर पाठ करावे लागणार.)

पण माझ्या मैत्रिणीला विचारा. तिला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. तिला तीनच गोष्टी हव्या होत्या. त्यानं हात उचलू नये, तिला घराबाहेर काढू नये आणि तिचा पगार तिच्या हातात यावा. यासाठीचा कायदा आपल्याकडे आहे. इंदिरा जयसिंग यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हनं त्यासाठी अनेक वर्षं मसुदे लिहिले, आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. नाव अ‍ॅपच्या टर्म्स अँड कंडिशन्ससारखं लांबलचक, पण आतला मजकूर वाचला आणि मी चाट पडले. मारहाण तर आहेच, पण सतत घालूनपाडून बोलणं, पगार काढून घेणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, हेसुद्धा हिंसाचारात धरलंय. लग्नाची बायकोच असायला हवं असंही नाही. लिव्ह-इनमधली मुलगी, बहीण, आई, सगळ्या येतात. कोर्ट 'हिला त्रास द्यायचा नाही' असा आदेश देऊ शकतं, राहत्या घरातला तिचा हक्क राखू शकतं, खर्चाला पैसे द्यायला लावू शकतं. समोरचा हजर नसला तरी तात्पुरता आदेश देता येतो. तो मोडला की मग गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड.

आणि वेळेचं गणित. अर्ज आल्यापासून सहसा तीन दिवसांच्या आत पहिली तारीख. तिथून 60 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा. हे कायद्यातच, कलम 12 मध्ये लिहिलंय.

मैत्रिणीची पहिली तारीख 27 व्या दिवशी लागली. नवऱ्यानं नोटीस घेतली नाही, म्हणून दुसरी. मग त्याच्या वकिलांना वेळ हवा होता. मग सुट्ट्या. तात्पुरता आदेश मिळायला पाच महिने गेले. या पाच महिन्यांत ती आधी माझ्याकडे, मग पीजीमध्ये राहिली, आणि वाकडच्या फ्लॅटचा निम्मा ईएमआय तिच्या पगारातून कापला जात होता. टीम लीडला 'पर्सनल वर्क' सांगून किती रजा काढणार? अप्रेझलमध्ये रेटिंग घसरलंच.

या कायद्याचा सगळा डोलारा एका माणसावर उभा आहे, तो म्हणजे संरक्षण अधिकारी. बाईची हकीकत ऐकून घटनेचा अहवाल तयार करायचा, अर्जाला मदत करायची, वकील, डॉक्टर, निवारागृह यांच्याशी गाठ घालून द्यायची आणि आदेश निघाला की तो पाळला जातोय ना हे बघायचं. केवढं काम! आणि वर्षानुवर्षं ते बऱ्याच ठिकाणी दुसरीच जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून पडत आलंय. आम्हाला भेटलेल्या बाई चांगल्या होत्या, पण टेबलावर दुसऱ्याच योजनेच्या फायलींचा ढीग आणि प्रवासाला गाडी नाही. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं, की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. कायदा लागू झाल्यावर अठरा वर्षांनी! नवीन प्रॉडक्ट लाँच करून अठरा वर्षं सपोर्ट टीमच ठेवली नाही, तर आपल्या क्लायंटनं काय केलं असतं?

म्हणून 'कायदे कडक करा' असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठला? शिक्षा वाढवा, फाशी द्या, या मागण्यांवर टाळ्या मिळतात. पूर्ण वेळाचा संरक्षण अधिकारी, त्याला गाडी, नोटीस बजावायची पक्की मुदत आणि 60 दिवस खरोखर पाळू शकेल इतकी न्यायाधीशांची संख्या, यासाठी कोण मोर्चा काढणार? खर्च आहे ना त्याला.

न्यायालयांनी मात्र कायद्याची काही भोकं बुजवलीत. 2006 मध्ये कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात तोच सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं, की घर सासूच्या नावावर असेल तर सुनेला तिथं राहायचा हक्क सांगता येणार नाही. झालं, फ्लॅट आईच्या नावावर करायची आयडिया वकिलांनीच पुरवली. ऑक्टोबर 2020 मध्ये सतीश अहुजांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हा निकाल चुकीचा ठरवला. घर सासरच्या नातेवाइकाच्या नावावर असलं, तरी ती तिथं संसार करत असेल तर ते तिचंही सामायिक घर धरता येतं. लग्न ठरलेल्या मैत्रिणींनो, हे एवढं लक्षात ठेवा. आणि होम लोनमध्ये को-अ‍ॅप्लिकंट असाल, तर अ‍ॅग्रीमेंटवर तुमचं नाव आहे का ते आजच बघा.

आता कॅफेटेरियातला आवडता विषय. 'पण गैरवापर होतो ना!' डिसेंबर 2024 मध्ये बेंगळुरूच्या एका इंजिनिअरनं आत्महत्या केल्यावर आमच्या फ्लोअरवर आठवडाभर हीच चर्चा होती. खोट्या केसेस होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. तक्रार आली की लगेच उचलून नेऊ नका, असं सुप्रीम कोर्टानं 2014 मध्येच पोलिसांना बजावलंय. पण 2005 च्या कायद्यात अर्ज केला म्हणून कुणाला अटक होतच नाही. आधी कोर्टाचा आदेश, तो मोडला तरच पुढचं. आणि आरोप खोटा असेल तर तो 60 दिवसांत उघडा पडावा, ही निर्दोष पुरुषाचीही गरज नाही का? वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्यानं वेळकाढूपणा करणाऱ्याचंच फावतं, मग तो कुठल्याही बाजूचा असो. आमच्या मित्राला हे पटलं. बाकीचे चहा संपला म्हणून उठले.

याच पुण्यात, मुळशीत, मे 2025 मध्ये एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. नऊ-दहा महिन्यांचं बाळ मागं ठेवून गेली ती. लग्नात दिलेली गाडी, सोनं, सगळं टीव्हीवर आठवडाभर दाखवलं. खटला कोर्टात आहे, तेव्हा आरोपांबद्दल मी बोलणार नाही. मला खुपलं ते वेगळंच. त्याच घरातल्या थोरल्या सुनेनं काही महिने आधी पोलिसांत तक्रार दिली होती, हे नंतर बाहेर आलं. नोंद होती म्हणजे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात लग्न झालेल्या दहा बायकांपैकी जवळपास तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसलीय. हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या साधारण 14 टक्के. म्हणजे तुमच्या-माझ्या फ्लोअरवरही कुणीतरी आहे, आणि ती बहुधा बोलणार नाही. यासाठी कायद्यात कलम 4 आहे, जे मला पॅन्ट्रीतल्या त्या दिवशी माहीत असायला हवं होतं. हिंसा झालीय, होतेय किंवा होईल असं वाटायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. शेजारी, सहकारी, वॉचमनसुद्धा. चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर आपल्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. अर्थात आधी तिच्याशी बोला, तिला विचारा, परस्पर हिरोगिरी नको. तिला तातडीनं मदत हवी असेल तर 112, सल्ला हवा असेल तर महिला हेल्पलाइन 181. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, आणि बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. लाखाचा पगार असला तरी नाही. पगार तिच्या हातात असतो असं थोडंच आहे?

मैत्रीण सध्या बाणेरला एका वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये राहते. सॅलरी अकाउंट बदललंय, ओटीपी तिच्या फोनवर येतो. तात्पुरत्या आदेशाप्रमाणे मिळायचे भाड्याचे पैसे दोन महिन्यांपासून थकलेत, त्यासाठी वेगळा अर्ज केलाय. त्याची तारीख 19 ला आहे. मी हाफ डे टाकलाय.