गमबूट घालण्याआधी

यंदाच्या जयंतीसाठी आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनी हलगीच्या तालावर गमबूट डान्स बसवायला घेतला आहे. कल्पना झकासच. पण पहिल्याच तालमीला कुणीतरी म्हणाले, 'आफ्रिकन वाटायला तोंडाला काळा रंग लावू, कमरेला पाला बांधू.' शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'झिंगालाला' म्हणत आपण सगळे जे पाहत आलो, तेच. यावर कडाक्याचा वाद झाला. निळ्या झेंड्याखाली हे चालणार नाही, असे आम्ही स्पष्ट सांगितले.

मुळात हा नाच जंगलातला नाही, खाणीतला आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या परिसरातील सोन्याच्या खाणींत दूरदूरच्या गावांतून आलेले काळे मजूर राबत. खाली पाणी साचलेले, म्हणून पायात रबरी बूट. राहायला खाणीच्याच कोंदट बराकी, बायकामुले गावी, आणि जवळ पास नसला तर तुरुंग. त्या बुटांवर थापा मारत, टाचा आपटत त्यांनी हा नाच घडवला. पुढे खाणमालकच रविवारी मजुरांचे नाच भरवून पाहुण्यांना दाखवू लागले. सहा दिवस घाम, सातव्या दिवशी करमणूक!

हे आपल्याला ओळखीचे वाटायला हवे. हलगी आपल्या माणसांवर जातीने लादली गेली. लग्नात वाजवायची, पंगतीला बसायचे नाही. म्हणून आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ती खाली ठेवली. आज तीच हलगी 'फ्यूजन' म्हणून महागड्या रंगमंचावर वाजते आणि वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेवर नसते, तेव्हा आपण चिडतो. चिडायलाच हवे. पण स्वतः शोषित असल्याने दुसऱ्या शोषितांची वस्तू बिननावाने उचलण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही.

मिसळण्याला आमचा विरोध नाही. शुद्धतेचे सोवळे ज्यांना मिरवायचे त्यांनी मिरवावे. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून, पण नावासोबत त्यांचा लढाही समजून घेतला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो चळवळीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. घेण्याची ही रीत आहे: विचारून, नाव सांगून.

आणि माणसांचे काय? पुण्यात आफ्रिकन विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्या तालावर नाचणारे आपण त्यांना खोली भाड्याने देतो का? २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारले, तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? त्यांच्यातल्या कुणाला हा नाच येत असेल तर शिकवायला बोलवावे, मानधन द्यावे. न येत असेल तर प्रेक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसवावे. प्रत्येक आफ्रिकन माणसाला नाच येतोच, हाही एक वर्णवादच.

वाद मिटला तो एका मुलीमुळे. तिचे वडील कंत्राटी सफाई कामगार. ती म्हणाली, 'खाणीत निदान बूट तरी देत होते. आमच्या पप्पांना गटारात उतरताना तेही मिळत नाहीत.' मग ठरले: निवेदनात खाणकामगारांचा इतिहास सांगायचा, नाच मध्येच थांबवायचा, आणि गटारात जीव गेलेल्या कामगारांची नावे एकेक करून वाचायची. प्रत्येक नावानंतर बुटावर एक थाप.

रंगाचे डबे परत केले आहेत. बूट अजून चार जोड कमी पडताहेत.