पडण्यामागचे पाच ‘का?’

वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांतील अनेक घरांतून मुलगा, सून किंवा जावई यांपैकी कोणी ना कोणी वाळूज अथवा शेंद्रा येथील कारखान्यात नोकरीला असते. शेंद्र्यात स्कोडा या परदेशी कंपनीचा मोटारींचा कारखाना २००१ पासून आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीनेही आपल्या जिल्ह्यात कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तेव्हापासून आमच्या गावी पारावर जमिनीचे भाव आणि नोकऱ्या हेच विषय आहेत. मला मात्र या कंपनीची माणसे आणि कामे सांभाळण्याची एक रीत, आपल्या घरातील वृद्धांच्या शुश्रूषेसाठी फार मोलाची वाटते.

या रीतीचा उगम मोटारीत नसून मागात आहे. साकिची टोयोडा यांनी असा यंत्रमाग घडविला, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. सदोष कापड पुढे विणलेच जाऊ नये, हा त्यामागील विचार. पुढे त्यांच्या वारसांनी मोटारी बनविताना तोच विचार माणसांच्या हाती दिला. कामगारांच्या डोक्यावर एक दोरी असे. काही चुकते आहे असे वाटले, की कोणत्याही कामगाराने ती ओढावी. गटप्रमुख तत्काळ तेथे येई आणि अडचण वेळेत सुटली नाही, तर कामाची साखळी थांबविली जाई. दोरी ओढणाऱ्यावर ओरडायचे नाही, हा त्यातील खरा नियम. ओरडा बसला, तर दुसऱ्या दिवशी दोरीला कोण हात लावील?

याच कंपनीतील अभियंते ताइची ओनो यांनी ‘का?’ हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारण्याचा आग्रह धरला. यंत्र बंद पडले. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसे नव्हते. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत गेला होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा नवा फ्यूज बसवितो, आणि काही महिन्यांत तो पुन्हा उडतो.

आता हाच प्रश्न घरात आणू. वस्तीवर राहणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा मध्यरात्री मोरीच्या उंबऱ्याशी पडले. हाड वाचले, कपाळाला टाके पडले. घरातील पहिले उत्तर नेहमीचेच होते : “ऐकत नाहीत, एकटेच उठतात.” का उठले? लघवीला, त्या रात्री ही तिसरी वेळ होती. इतक्या वेळा का? रक्तदाबासाठी दिलेली ‘पाण्याची गोळी’ ते रात्री नऊला घेत होते. रात्री का? मुलगा पहाटे कंपनीच्या बसने जाई आणि परतल्यावर सगळ्या गोळ्या एकदम स्वतःच्या हाताने देई. सकाळी का नाही? कारण शहरातील रुग्णालयाच्या कागदावर ‘दिवसातून एकदा’ एवढेच लिहिले होते आणि सकाळच्या औषधाचे काम घरात कोणाकडेही सोपविलेले नव्हते.

पाहा, दोष आजोबांच्या हट्टात नव्हता आणि मुलाच्या मायेत तर मुळीच नव्हता. ही गोळी बहुधा सकाळी घ्यावयाची असते. सुनेने न्याहारीनंतर ती द्यावी असे ठरले, पलंगाजवळ मंद दिवा आला, रात्रीसाठी लघवीचे भांडे आले. निजल्यावर आणि उभे राहिल्यानंतर एक व तीन मिनिटांनी असा रक्तदाबही मोजला. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर घेरी येण्याचा धोका असतो. अशांनी उठण्यापूर्वी पलंगाच्या काठावर मिनिटभर पाय सोडून बसावे. औषधाची वेळ वा मात्रा मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नये.

पुण्यात किंवा परदेशी राहणाऱ्या मुलांनाही ओनो यांची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ते अभियंत्यांना कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून देत आणि त्यात उभे राहून काम नुसते पाहावयास लावत. कार्यालयात बसून आकडे वाचणे त्यांना पुरेसे वाटत नसे. आपण मात्र फोनवरून “बाबांना चालवा, मीठ कमी द्या” असे हुकूम सोडतो. ज्या वहिनीने दिवसभर केले, तिला ते हुकूम किती बोचतात, हे माझ्या दवाखान्यात रोज दिसते. दिवाळीला याल तेव्हा एक दिवस वडिलांच्या खोलीत खुर्ची टाकून गप्प बसा. ते कोठे अडखळतात, गोळीची पट्टी फाडताना बोटे कशी थरथरतात, पाणी किती लांब ठेवलेले असते, ते पाहा.

कारखान्याचे सगळेच घरी आणू नये. तेथे क्षण वाचविणे हे कौशल्य असते. येथे आजीला जेवायला पाऊण तास लागत असेल, तर तो लागू द्यावा. घास घाईने भरविला, की ठसका लागतो.

आजी-आजोबांनो, शेवटचे आपल्यासाठी. ती दोरी खरे तर आपल्या हाती असावयास हवी. “मुले रागावतील,” “उगीच खर्चात पडतील” म्हणून पडल्याचे लपविणारे कित्येक जण मला भेटतात. घेरी आली, तोल गेला, अंथरुणातून घसरलो, एवढेही त्याच दिवशी सांगा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालयात जा. उतारवयात डोक्यातील रक्तस्राव कधी कधी दिवसांनी किंवा आठवड्यांनीही जाणवतो : डोके दुखत राहते, सुस्ती येते, बोलणे विसंगत होते. अशा वेळी “वयामुळे असेल” असे घरच्यांनी म्हणू नये. मागे कधी पडला होता का, हे विचारावे, आणि विचारताना आवाज खाली ठेवावा.