किरकोळ

दिवाळी अंकात खून असावा की नसावा, यावर आमच्याकडे दरवर्षी एकदा तरी वाद होतोच. ‘सणासुदीला कशाला ते रक्त आणि पोलीस?’ असं म्हणणारा एक पक्ष आणि ‘रहस्यकथेशिवाय दिवाळी अंक म्हणजे अळणी चिवडा’ असं म्हणणारा दुसरा. बहुतेक वेळा दुसराच जिंकतो. बाबूराव अर्नाळकर वाचत मोठ्या झालेल्या मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी एखादं प्रेत खपून जातं. अट एकच : शेवटच्या पानापर्यंत खुनी सापडला पाहिजे आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याला बेड्या ठोकल्या पाहिजेत.

यंदाचा अंक ‘खाकी’ या विषयाला वाहिला आहे. त्याची जुळवाजुळव करताना एका माणसाची हकिगत पुन्हा समोर आली. तिच्यातला पोलीस शेवटच्या पानावर येत नाही. तो पहिल्या पानापासून हजर आहे आणि खुनी तोच आहे. कल्पित कथा असती तर ‘फारच ओढूनताणून’ असा शेरा मारून आम्ही ती साभार परत केली असती.

जोसेफ जेम्स डीअँजेलो. जन्म १९४५. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या नौदलात नोकरी, मग सॅक्रॅमेंटोच्या विद्यापीठातून गुन्हेगारी न्याय या विषयातली पदवी. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एक्झेटर या लहानशा गावात तो पोलीस झाला, त्याच वर्षी लग्नही झालं. शिकलेला, लष्करी शिस्तीतला, संसारी. पोलीस खात्याला आणखी काय हवं असतं?

एक्झेटरच्या शेजारी वायसेलिया नावाचं शहर आहे. १९७४ आणि ७५ या दोन वर्षांत तिथली शंभराहून अधिक घरं फोडली गेली. चोर विचित्र होता. किमती ऐवज समोर दिसत असताना तो सुटी नाणी उचलायचा, जोडीतलं एकच कानातलं न्यायचा, कपाटं उपसून बायकांचे कपडे घरभर फेकायचा. चोरीस गेलेल्या मालाची यादी केली तर तिची किंमत काय होणार? किरकोळ. याच काळात डीअँजेलो एक्झेटरमध्ये घरफोड्यांविरुद्धच्या मोहिमेत काम करत होता. कुठल्या गल्लीत गस्त आहे, कुठल्या घराबद्दल तक्रार आली आहे, ठसे कसे घेतले जातात आणि कसे चुकवता येतात, हे सगळं त्याला पगार घेऊन शिकायला मिळत होतं.

सप्टेंबर १९७५ मध्ये हा चोर वायसेलियातल्या एका घरात शिरून सोळा वर्षांच्या मुलीला ओढून नेत होता. तिचे वडील, पत्रकारितेचे प्राध्यापक क्लॉड स्नेलिंग, धावत बाहेर आले. त्याने त्यांना गोळ्या घातल्या. मुलगी वाचली, वडील गेले. डिसेंबरात दबा धरून बसलेल्या एका पोलिसाने त्याला जवळजवळ पकडलंच होतं, पण त्याने झाडलेली गोळी पोलिसाच्या हातातल्या बॅटरीवर बसली आणि तो अंधारात पसार झाला.

पुढच्या वर्षी डीअँजेलोने ऑबर्न गावाच्या पोलीस खात्यात नोकरी धरली आणि सॅक्रॅमेंटोच्या पूर्व भागात बलात्कारांची मालिका सुरू झाली. जून १९७६ ते जुलै १९७९ या तीन वर्षांत सुमारे पन्नास स्त्रिया. आधी तो एकट्या स्त्रिया असलेली घरं हेरायचा, पुढे नवरा घरात असतानाही शिरू लागला. नवऱ्याला पालथं बांधून त्याच्या पाठीवर कपबशा आणि ताटं रचून ठेवायचा. भांडं वाजलं तर दोघांनाही मारीन, ही धमकी. रोज सकाळी चहा ज्यातून प्यायचा, त्याच कपबशांना त्याने पहारेकरी केलं. त्या भागातली माणसं दिवे लावून झोपू लागली, दारांना जादा कुलपं लागली, घराघरांत बंदुका आल्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये ब्रायन आणि केटी मॅगिओर हे तरुण जोडपं कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलं होतं. त्या दोघांना त्याने गोळ्या घातल्या. तोवर तीन खून झाले होते, आणि तिन्ही वेळी त्याच्या छातीवर पोलिसाचा बिल्ला होता.

आता या हकिगतीतला तो प्रसंग, ज्याच्यासाठी हे संपादकीय लिहायला घेतलं.

जुलै १९७९. सॅक्रॅमेंटोमधल्या एका दुकानात चोरी करताना एक माणूस पकडला गेला. चोरलेल्या वस्तू दोन : एक हातोडा आणि कुत्र्यांना पळवून लावणाऱ्या औषधाचा फवारा. चोर निघाला ऑबर्नचा पोलीस. खात्याने त्याला नोकरीवरून काढलं, न्यायालयाने किरकोळ शिक्षा केली आणि प्रकरण मिटलं. ज्या शहरात तीन वर्षं एक माणूस रात्री घरांत शिरत होता, त्या शहरात एका पोलिसाला हातोडा आणि कुत्र्यांचा फवारा कशाला लागतो, आणि तोही विकत न घेता चोरून, हा प्रश्न कुणी शेवटपर्यंत नेला नाही. रात्री परक्या घरात शिरणाऱ्याच्या वाटेत दोनच अडथळे असतात, कडी आणि कुत्रा. दोन्हींवरचा उतारा त्या चोराच्या हातात होता.

मागे वळून बघताना सगळंच स्पष्ट दिसतं, हे आम्हाला मान्य आहे. एका हातोड्यावरून कुणाला खुनी ठरवता येत नाही. पण खात्यापुढे तेव्हा खरा प्रश्न होता तो अब्रूचा. आपला माणूस चोर निघाला, त्याला गाजावाजा न करता घालवला, सुटलो. बडतर्फी ही शिक्षा असते, तशी ती सुटकाही असते. फक्त कुणाची, ते बघावं लागतं. डीअँजेलोच्या नावावर एकूण तेरा खून आहेत. त्यांतले दहा या हातोड्यानंतरचे. डिसेंबर १९७९ पासून मे १९८६ पर्यंत गोलेटा, व्हेंचुरा, डेना पॉइंट, अर्वाइन अशा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गावांत ते झाले आणि त्यानंतर तो गप्प झाला. एका किराणा साखळीच्या गोदामात ट्रक दुरुस्त करत त्याने उरलेली नोकरी केली, मुली वाढवल्या आणि निवृत्त होऊन सॅक्रॅमेंटोच्या उपनगरात अंगणातली हिरवळ राखत बसला.

तो सापडला कसा? तेही एका किरकोळ गोष्टीमुळेच.

मार्च १९८० मध्ये व्हेंचुरात एका पती-पत्नीचा खून झाला. तिथले शवचिकित्सक क्लॉस स्पेथ यांना एक सवय होती. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात ते नमुन्यांचा एक संच पोलिसांना देत आणि दुसरा स्वतःकडे शीतपेटीत ठेवत. असं करायचं काही बंधन नव्हतं. डीएनएवरून माणूस ओळखण्याची विद्या तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी तो दुसरा संच राहिला. पुढे २००१ मध्ये इतर नमुन्यांवरून उत्तरेतला बलात्कारी आणि दक्षिणेतला खुनी एकच आहे, हे सिद्ध झालं. २००४ मध्ये गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींचे डीएनए नमुने घेण्याचा कायदा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केला. त्या मोहिमेमागे ब्रूस हॅरिंग्टन होते. त्यांचा भाऊ आणि भावजय याच माणसाने मारले होते. पण सरकारी साठ्यात डीअँजेलो सापडणार कसा? त्याच्या नावावर पकडला गेलेला गुन्हा म्हणजे ती किरकोळ चोरी.

शेवटी तपास अधिकारी पॉल होल्स आणि वंशावळींच्या अभ्यासक बार्बरा रे-व्हेंटर यांच्या चमूने उलटी वाट धरली. स्पेथ यांच्या त्या जपून ठेवलेल्या नमुन्यातून डीएनएचा आराखडा काढून ‘जेडमॅच’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकला. लांबचे नातेवाईक हाती लागले. तिथून एकोणिसाव्या शतकातल्या पूर्वजांपर्यंत मागे जायचं आणि मग एकेक फांदी तपासत आजच्या काळात उतरायचं, असं ते काम. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये नामावळीच्या वह्या उघडून पणजोबांचं नाव काढून देतात, तसंच काहीसं. फक्त इथे वंशजाला आशीर्वाद द्यायचा नव्हता. वय, वस्ती, बांधा यांवरून एक नाव उरलं. गाडीच्या दाराच्या मुठीवरून आणि कचऱ्यात टाकलेल्या कागदी रुमालावरून नमुने घेतले, ते जुळले. २४ एप्रिल २०१८ रोजी बहात्तर वर्षांचा डीअँजेलो स्वतःच्या घराबाहेर पकडला गेला. कुणाचंही रक्ताचं नातं असं चोरपावलांनी धुंडाळावं का, हा प्रश्न मागाहून उठला, आणि तो रास्त होता. पुढच्याच वर्षी जेडमॅचने वापरणाऱ्याची संमती असल्याशिवाय पोलिसांना माहिती न देण्याचा नियम केला.

जून २०२० मध्ये, करोनामुळे एका विद्यापीठाच्या नृत्यदालनात भरलेल्या न्यायालयात, त्याने तेरा खून कबूल केले. बलात्कारांचे खटले मात्र उभे राहू शकले नाहीत, कारण कायद्याने दिलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्याऐवजी अपहरणाची कलमं लावावी लागली. ऑगस्टमध्ये तीन दिवस त्या स्त्रिया एकेक करून उठल्या आणि त्याच्यासमोर बोलल्या. विशी-तिशीत ज्यांना त्याने बांधलं होतं, त्या आता आज्या झाल्या होत्या. तो चाकांच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून, जराजर्जर होऊन बसायचा. सरकारी वकिलांनी मग तुरुंगातलं चित्रीकरण दाखवलं, त्यात हाच म्हातारा कोठडीत व्यायाम करत होता. त्याला मरेपर्यंत तुरुंगवास झाला.

कॅलिफोर्निया फार लांब आहे, असं वाटत असेल तर पनवेलला या. नवी मुंबई पोलिसांतल्या सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातलं त्यांचं माहेर आणि त्यांचे पती दारोदार फिरत राहिले. नोंद ‘मिसिंग’ची होती. ज्यांच्यावर संशय होता ते वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर खात्यातच होते. २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना राष्ट्रपती पदक जाहीर झालं. अटक झाली त्या वर्षाच्या डिसेंबरात. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल जन्मठेप ठोठावली आणि या माणसाला पदक मिळालंच कसं, असा सवालही केला. खाडीत टाकलेला मृतदेह आजवर मिळालेला नाही. बेपत्ता झालेली व्यक्ती स्वतः पोलीस अधिकारी होती, तरी तिच्या घरच्यांना इतकी वाट पाहावी लागली. मग खेडेगावातून आलेल्या बाईचं काय होत असेल?

काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ‘एनसी करून घ्या.’ ‘येईल दोन दिवसांत घरी.’ ‘नवरा-बायकोचं भांडण, पोलीस काय करणार?’ अदखलपात्र हा शब्द कायद्यात एका विशिष्ट अर्थाने आहे, ठाण्याच्या टेबलावर मात्र तो माणसांनाच लागू होतो. आणि याचा सगळा दोष खाकीवर ढकलून आपल्याला मोकळं होता येत नाही. आमच्या घरातली सायकल चोरीला गेली तेव्हा ‘किरकोळ आहे, कशाला ठाण्याची पायरी चढायची’ असं म्हणणारे आम्हीच होतो.

महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद आहे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. सज्जन आणि खल दोन वेगवेगळ्या घरांत राहतात, असं हे ब्रीद गृहीत धरतं. ते एकाच गणवेशात निघाले तर काय, याचं उत्तर त्यात नाही. कुंपणच शेत खातं असं म्हणून हात झटकणंही खोटं, कारण कॅलिफोर्नियात काय किंवा पनवेलला काय, खुन्यापर्यंत पोहोचले तेही पोलीसच होते. दुसरा संच शीतपेटीत ठेवणारा आणि हातोड्याची फाईल मिटवणारा, दोघेही एकाच व्यवस्थेतले. किरकोळ कशाला म्हणायचं, एवढंच दोघांनी वेगवेगळं ठरवलं.

म्हणून या अंकात बड्या अधिकाऱ्यांच्या शौर्यकथा कमी आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाजारपेठेत बंदोबस्ताला उभी असलेली हवालदार आहे, पंचनामे लिहून अक्षर बिघडलेला ठाणे अंमलदार आहे, मुद्देमालाच्या खोलीची किल्ली सांभाळणारा माणूस आहे, आणि ज्यांची तक्रार कुणी लिहून घेतली नाही अशी माणसंही आहेत. रहस्यकथाही आहे, घाबरू नका. तिच्यात खुनी शेवटच्या पानावर सापडतो.

अंक छापायला जातो आहे तेव्हा घरोघरी साफसफाई चालू आहे. माळ्यावरचं काय ठेवायचं आणि भंगारवाल्याला काय द्यायचं, यावर वाद झडत असतील. पुढच्या दिवाळीला हा अंकही रद्दीत जाईल, त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त ‘काय ते किरकोळ’ म्हणून एखादी वस्तू, एखादा कागद किंवा एखाद्या बाईचं म्हणणं बाजूला सारताना हात क्षणभर थांबला, तर लेखक, चित्रकार, जाहिरातदार आणि छापखान्यातली मंडळी, सगळ्यांचे कष्ट कारणी लागले असं आम्ही समजू.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

— संपादक