‘अमुक’च्या जागी आपले नाव

घरी पूजा मांडली की पुरोहित प्रथम संकल्प सांगतात. पोथीत हा संकल्प छापलेला असतो. मात्र तिथी, वार, गोत्र, नाव या साऱ्या ठिकाणी एकच शब्द असतो, तो म्हणजे ‘अमुक’. पुरोहित त्या जागी त्या दिवसाची तिथी आणि यजमानाचे नाव घालतात. कोणी ‘अमुक’ तसाच वाचून पुढे गेला तर ती पूजा कोणाच्या नावे झाली? महाराष्ट्रातील पोथीत गोदावरीच्या दक्षिण तीराचाही उल्लेख येतो. आमच्या मॉरिशसात गोदावरी नाही. येथे बसून जो तो उल्लेख जसाच्या तसा करील त्याने पोथी वाचली खरी, पण संकल्प केला असे म्हणता येणार नाही.

वाचकहो, हा संकल्प मला आठवला तो अमेरिकेतील रेडमंड गावी. निमित्त होते हल्ली आपल्या घराघरांत शिरलेल्या चॅटबॉटचे.

२०२५च्या ऑगस्ट महिन्यात मी काही आठवडे भाच्याकडे रेडमंडला होतो. सिएटल शहराच्या पूर्वेला, वॉशिंग्टन सरोवराच्या पलीकडे हे गाव आहे. १९८६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले मुख्य ठाणे येथे आणले आणि जगभरचे संगणकतज्ज्ञ येथे येऊन राहिले. त्यांत आपली मराठी माणसेही पुष्कळ आहेत. भाचाही संगणकाच्याच धंद्यात आहे.

एका रात्री आठ वाजता माझ्या नातीचा मॉरिशसहून फोन आला. तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती. गणेश चतुर्थीनिमित्त मराठीच्या वर्गात तिला भाषण करायचे होते. तिने चॅटबॉटला ‘गणेश चतुर्थीवर मराठीत भाषण लिही’ असे एका वाक्यात सांगितले आणि आलेले भाषण मला वाचून दाखविले. भाषा शुद्ध होती. पण त्यात काय होते? श्रावणसरींनी हिरवी झालेली शेते, लोकमान्य टिळकांनी १८९३मध्ये दिलेले सार्वजनिक रूप, पुण्याचे मानाचे गणपती, मुंबईच्या चौपाटीवरचे विसर्जन! आमच्याकडे गणपती येतो तो हिवाळा सरत असताना, उसाची तोडणी ऐन भरात असताना. आमची झाकरी त्यात नव्हती. कास्काव्हेलचे नाव नव्हते. आजीचे मोदकही नव्हते. मुलगी मॉरिशसची आणि भाषण पुण्याचे!

मला राग आला तो यंत्राचा. भाचा हसून म्हणाला, “मामा, यंत्राला दोष कसा देता? ती कोण, कुठली, हे तिने सांगितलेच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?”

मग त्याने मला आपली वही दाखविली. वही म्हणजे संगणकातलीच. रोज लागणाऱ्या कामांसाठी त्याने दहा-बारा प्रश्न नीट बांधून ठेवले होते. प्रत्येकात काही शब्द कायमचे आणि काही जागा रिकाम्या. काम आले की रिकाम्या जागा भरायच्या आणि प्रश्न यंत्रापुढे ठेवायचा. उत्तर बिघडले तर वहीतला प्रश्नच सुधारायचा, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक होत नाही. अशा प्रश्नाला तेथील लोक प्रॉम्प्ट म्हणतात आणि अशा बांधणीला साचा.

ही काही त्याच्या एकट्याची खोड नव्हे. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नडेला यांनी, रोजच्या कामात आपण यंत्राला घालतो ते पाच प्रश्न जगापुढे ठेवले. हैदराबादेत जन्मलेला हा गृहस्थ २०१४पासून एवढा मोठा कारभार पाहतो. त्याचे प्रश्न किती साधे! अमुक व्यक्तीशी माझी पुढची भेट आहे. आमचा आजवरचा व्यवहार पाहून तिच्या मनात कोणत्या पाच गोष्टी असतील ते सांग. अमुक वस्तू नोव्हेंबरात बाजारात येईल काय? काम कोठवर आले, अडचणी कोणत्या ते तपास आणि किती शक्यता आहे ते आकड्यात दे. गेल्या महिन्यातील माझ्या भेटी आणि पत्रे पाहून माझा वेळ कोणत्या कामांत गेला ते सांग. म्हणजे संकल्पातला तोच ‘अमुक’! माणूस बदलला, वस्तू बदलली, की नाव बदलायचे. बाकीचा प्रश्न तसाच.

हे पाच प्रश्न पुष्कळांनी उतरवून घेतले असतील. पण येथेच एक मोठी चूक होते. नडेलांच्या प्रश्नांना वजन आहे ते त्यांच्या मागे असलेल्या दप्तरामुळे. त्यांचे यंत्र त्यांची पत्रे, बैठकांची टिपणे, भेटींची वही उघडून पाहू शकते. ज्याच्यामागे असे दप्तर नाही, त्याने तेच शब्द उच्चारले तर यंत्र गोड बोलून पोकळ उत्तर देईल. साचा दुसऱ्याचा उसना घेता येतो, त्यात घालायचे सारण मात्र घरचेच लागते. साच्यात सारण न भरता दाबला तर मोदक दिसेल सुरेख, पण फोडल्यावर आत काय?

चांगल्या प्रश्नाची चार अंगे असतात, असे मायक्रोसॉफ्टच्याच मार्गदर्शनात सांगितले आहे. पहिले उद्दिष्ट, म्हणजे काय हवे. दुसरे संदर्भ, म्हणजे कशासाठी आणि कोणासाठी हवे. तिसरा आधार, म्हणजे कोणत्या माहितीवरून लिहायचे. चौथी अपेक्षा, म्हणजे किती लांब, कोणत्या भाषेत, कशा थाटात. माझ्या नातीने चारांपैकी पहिले अंग कसेबसे सांगितले होते. उरलेली तीन यंत्राने आपल्या मनाने भरली. त्याच्या वाचनात महाराष्ट्राचा गणपती भरपूर आणि आमच्या बेटाचा क्वचित. म्हणून रिकाम्या जागी पुणे येऊन बसले.

आपल्या मराठीला हा प्रकार नवा नाही. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांसाठी पूर्वी ‘मेस्तक’ नावाचे नमुनाग्रंथ असत. कोणाला कोणता मायना लिहावा, पत्राचा आरंभ आणि शेवट कसा करावा, हे त्यांत दिलेले असे. पण मजकूर ज्याचा त्याने घालायचा. नुसत्या मायन्यावर कोणी राज्य चालविले नाही.

तेव्हा आम्ही त्या रात्री नातीसाठी एक साचा केला. तो येथे देतो; ज्यांना हवा त्यांनी घ्यावा.

“मी मॉरिशसमधील (गाव) येथे राहते व (इयत्ता) शिकते. मला (प्रसंग) यासाठी (किती) मिनिटांचे मराठी भाषण हवे आहे. ऐकणारे (कोण) आहेत आणि त्यांना मराठी (कितपत) समजते. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या पाच गोष्टी मी खाली लिहिल्या आहेत. त्यांच्याच आधारे लिही. बाहेरचे काही घालायचे असेल तर ते निराळे दाखव. वाक्ये लहान ठेव. जे ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही असे सांग; मनाने रचू नकोस.”

यातली मोलाची जागा कोणती? ‘वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या पाच गोष्टी’. ती जागा भरण्यासाठी मुलीला फोन खाली ठेवून आपल्या पणजीजवळ जाऊन बसावे लागले. पणजीने सांगितले की पूर्वी गणपतीची माती घरची माणसे नदीकाठून आणीत, विसर्जनासाठी साखरेच्या मळ्यावर अर्ध्या दिवसाची रजा मागावी लागे, आणि झाकरीत नाचणारे पहाटे घामाघूम होऊन तसेच कामावर जात. हे कोणत्या यंत्राला ठाऊक होते? खरे सांगायचे तर मलाही यातले अर्धे ठाऊक नव्हते. यंत्राने नंतर वाक्ये जुळविली, शब्द नीट केले, आणि भाषण आमचे झाले.

काही जण म्हणतील की यंत्रे दिवसेंदिवस शहाणी होत आहेत, अशा साच्यांची गरज लवकरच उरणार नाही. यंत्र शहाणे होईल आणि मोडकेतोडके बोललेलेही समजून घेईल, हे मला मान्य आहे. पण जे कोणी कोठेच लिहिले नाही ते त्याला कसे कळणार? दुसरे कोणी म्हणतील की साच्यामुळे साऱ्यांचे लेखन एकसारखे होईल. रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवल्या तर जरूर होईल. पोथी तर सर्वांची एकच असते, म्हणून काय सर्वांचे संकल्प एकाच नावाने होतात?

माझी काळजी निराळी आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि पुढे सुमारे पाच लाख माणसे या बेटावर आली. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे आपले पूर्वजही होते. तेव्हाही साचे होतेच. करारनामा होता, नोंदवही होती, रकाने होते: नाव, बापाचे नाव, जात, गाव, जहाज. रिकाम्या जागा होत्या, पण त्या भरल्या दुसऱ्याने. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले गेले आणि खाली आपल्या माणसाची फुली किंवा अंगठा पडला. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या आजही जपलेल्या आहेत. आपले गाव कोणते हे शोधणारा माणूस त्या चुकलेल्या अक्षरांपाशी अडखळतो. आपल्या पूर्वजांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांचा इलाज नव्हता. आपल्याला आज लिहिता येते. तरीही आपल्याविषयीच्या रिकाम्या जागा आपण यंत्राला त्याच्या मर्जीने भरू दिल्या, तर दोष कोणाला द्यावा?

म्हणून माझे सांगणे असे. प्रत्येक मराठी मंडळाने आणि सायंकाळच्या वर्गाने साच्यांची एक वही करावी. सभेची सूचना, देणगीचे पत्र, आमंत्रण, मुलांचे भाषण, आभार, अशी नेहमीची आठ-दहा कामे घ्यावीत. वर्षाअखेर कोणता साचा उपयोगी पडला आणि कोणता फसला ते पाहून वही सुधारावी. चिटणीस बदलला तरी वही मंडळातच राहील. बँकेचे आकडे, ओळखपत्राचे क्रमांक, कोणाच्या आजाराच्या गोष्टी मात्र यंत्रापुढे मांडू नयेत. आलेली प्रत्येक तारीख आणि नाव ताडून पाहावे, कारण चुकीची गोष्टही यंत्र तितक्याच ठामपणे सांगते. आणि सांत्वनाचे पत्र साच्यात घालू नये. तेथे दोन मोडकी वाक्ये चालतील, पण ती स्वतःची असावीत.

नातीचे भाषण मी रेडमंडला बसून फोनवर ऐकले. एके ठिकाणी ती अडखळली, कारण पणजीचा शब्द तिच्या तोंडी अजून बसला नव्हता. यंत्राने तो शब्द बदलून सोपा करून दिला होता. तिने तो पुन्हा पणजीचाच केला होता.