फूटर वाचकाच्या फोनवर जोडू नका

महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा भरली की देवळाची रांग आणि मोबाइलचं नेटवर्क एकाच चालीनं पुढे सरकतात. अशाच एका जत्रेत, ज्यांच्या ‘निवास व न्याहारी’ची वेबसाइट मी केली होती, त्या काकांनी मला गाठलं. “नंबर खंय गेलो रे?”

नंबर फूटरमध्ये होता आणि फूटर जावास्क्रिप्ट आणणार होती. खोल्यांचे फोटो अर्धेमुर्धे का होईना, दिसत होते. पण वर मेनू नव्हता नि खाली नंबर नव्हता. चूक नेटवर्कची नव्हती. माझी होती.

ही युक्ती आपण सगळेच शिकतो. हेडर-फूटर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे आणि ‘फेच’नं प्रत्येक पानात ओतायचे. म्हणजे ब्राउझर आधी पान आणतो, मग स्क्रिप्ट, मग फूटर. तीन फेऱ्या. त्यातली एक चुकली की नंबर गायब, आणि वाचकाला काही चुकलंय याचा पत्ताही लागत नाही.

“आजकाल जावास्क्रिप्ट बंद कोण ठेवतं?” हे ठरलेलं उत्तर. कुणी ठेवत नाही. ती पोचत नाही. ब्रिटन सरकारच्या वेबसाइटनं २०१३ मध्ये मोजलं, तेव्हा १.१ टक्के लोकांना जावास्क्रिप्टचा लाभ मिळत नव्हता. त्यात ती बंद असलेले किंवा ब्राउझरलाच न चालणारे जेमतेम ०.२ टक्के होते. बाकीच्यांकडे ती असूनही कामाला आली नाही. आणि ते लोक काही जत्रेत उभे नव्हते.

नंबर बदलला तर बारा पानं हातानं बदलायची का? मुळीच नाही. फूटर एकाच फाइलमध्ये हवा, हे मलाही मान्य आहे. वाद आहे तो जोडणी कुठे करायची याचा. पीएचपीची ‘इन्क्लूड’ची एक ओळ ते काम सर्व्हरवर करते. २००८ पासूनचं जेकिल किंवा २०१३ पासूनचं ह्यूगो आपल्याच कॉम्प्युटरवर एकदा जोडून तयार पानं देतं. आपण हे शिकायचा एक दिवस वाचवतो आणि त्याची किंमत प्रत्येक वाचकाचा फोन दर पानाला मोजतो. याला सोय नाही, कामचुकारपणा म्हणतात.

फोटोंच्या गॅलरीसाठी जावास्क्रिप्ट खुशाल वापरा. ती अडली तर फार बिघडत नाही. पण नाव, मेनू आणि फोन नंबर एचटीएमएलमध्येच हवेत.

काकांचा नंबर आता पहिल्याच फेरीत येतो.